बिनवासाचं खेडं

ऑक्टोबर लागला की आमच्या वसाहतीत भोपळे येतात. उगवत वगैरे नाहीत, ट्रकमधून येतात. केशरी, तुकतुकीत, एका मापाचे. लोक ते दारात मांडतात, पायऱ्यांवर उतरत्या क्रमाने रचतात, टपालपेटीच्या खांबाशी गवताच्या गठ्ठ्यांवर बसवतात. खात कोणीच नाही. महिनाभर ते ऊन-पाऊस झेलत बसतात, खारी त्यांना कुरतडतात, आणि मग एका सकाळी बुडातून मऊ पडतात. खालच्या फरशीवर पिवळं पाणी सुटतं, त्यावर चिलटं घोंगावतात. तो आंबूस, गोडसर, कुजका वास नोव्हेंबरभर दारातून घरात येत राहतो. माझी आई लाल भोपळ्याच्या सालीचीही चटणी करायची आणि बिया वाळवून ठेवायची. तिला हे दाखवलं असतं तर तिने एकच विचारलं असतं, ‘ही माणसं रोज जेवतात ना?’

यंदाही आलेत. समोरच्या घरी काल संध्याकाळी मांडून झाले. ते बघितले की मला काही वर्षांपूर्वीचा एक ऑक्टोबर आठवतो.

आमच्या वसाहतीचं नाव लार्कफोर्ड व्हिलेज. अमेरिकेत, हर्नडन गावाच्या कडेला, टोल रोडपासून जवळ, विमानं उतरतात त्या पट्ट्यात. पूर्वी इथे दुभत्या गायींचा गोठा आणि कुरण होतं म्हणे. बिल्डरने ते सपाट केलं आणि त्याच्यावर इंग्लंडमधलं खेडं बसवलं. उतरती छपरं. पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडी पट्ट्या, ज्या लाकडी नाहीत. बोटाने टिचकी मारली की पोकळ वाजतात. चुलीशिवायची धुराडी. मिल लेन आहे, गिरणी नाही. चर्च वॉक नावाची पायवाट कचऱ्याच्या कुंड्यांपाशी संपते. मधोमध एक विहीर आहे, दगडी कठड्याची, वर कौलारू छप्पर, दोर आणि बादलीसकट. तिच्यात हातभर खोलीवर काँक्रीट आहे आणि बादलीत फुलं लावलेली आहेत. तळं मात्र खरं आहे. रस्त्यांवरचं पावसाचं पाणी साठवायला कायद्याने करावं लागलं म्हणून केलं. त्याच्या काठावर कॅनडाची बदकं राहतात आणि चालायच्या वाटेवर घाण करतात. सगळ्या वसाहतीत खेड्यासारखं वागणारी तेवढीच.

मला खेड्याचं प्रेम नाही, हे आधीच सांगते. मी वर्ध्याकडच्या एका गावात वाढले आणि पहिली संधी मिळताच तिथून निघाले. खेडं म्हणजे मला आधी वास आठवतो. ओलं शेण, भिजलेला कडबा, सरकीच्या ढेपेची पोती, चुलीचा धूर, उकिरडा. आणि वासाइतकीच माणसं. कोणाच्या घरी काय शिजतंय, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं सगळ्यांना माहीत. मला ते नको होतं. म्हणून लार्कफोर्डमध्ये घर घेतलं तेव्हा नावाकडे लक्षच दिलं नाही; शाळा चांगली होती, ऑफिस जवळ होतं, संपलं. पुढे वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनच्या नियमांची जाडजूड फाइल हातात आली तेव्हा हसू आलं. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. कोंबडी पाळायची नाही. पुढच्या अंगणात भाजी लावायची नाही. गराजचं दार उघडं ठेवायचं नाही. खेड्यात जे जे असतं ते सगळं बंद, कारण त्यामुळे खेड्याची शोभा जाते.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधणं हाच माझा पगार. त्यामुळे असल्या फायली मी शेवटपर्यंत वाचते.

तर त्या खेड्यात खरीखुरी इंग्लिश बाई एकच होती. आमच्या समोरच्या घरातल्या मार्गरेटबाई. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावात जन्मलेल्या, तरुणपणी अमेरिकन नवऱ्याबरोबर इकडे आलेल्या, आता विधवा. उंच, हाडापेराने मोठ्या, नवऱ्याचं जुनं स्वेटर घालून हिंडणाऱ्या. चहा इतका कडू करायच्या की जिभेला साय धरावी. ‘शैला’ त्यांना जमेना, म्हणून ‘शीला’ म्हणायच्या, आणि ‘मला बाई म्हण, मिसेस म्हणू नकोस, मिसेस ऐकलं की बँकेतून फोन आल्यासारखं वाटतं’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याच्या जरा आधीच मी त्यांना बाई म्हणजे काय ते समजावलं होतं, आणि तो शब्द त्यांनी उचलला होता.

‘मी ह्या घरात का आले सांगू?’ त्या म्हणायच्या. ‘जाहिरातीत लिहिलं होतं, इंग्लिश खेड्याची शांतता. आमच्या खेड्यात पहाटेपासून डुकरं ओरडायची. म्हटलं, बघू तरी.’

त्या उन्हाळ्यात त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, सांधा नीट बसला नाही, आणि चाकाची खुर्ची आली. घरात सगळं एका मजल्यावर होतं, त्यामुळे अडचण नव्हती. अडचण होती पुढच्या दारापाशी. तिथे दोन गोलाकार दगडी पायऱ्या. कॅटलॉगमध्ये शोभाव्यात अशा. त्या दोन पायऱ्यांनी बाईंना घरात कोंडलं. मागच्या बाजूला लाकडी डेक, त्याला ह्याहून जास्त पायऱ्या.

बाईंचं मागणं फार नव्हतं. रोज आपल्या दाराने, कोणाला न विचारता बाहेर पडायचं, टपाल आणायचं, तळ्यापर्यंत जायचं आणि बदकांना शिव्या द्यायच्या. एवढंच. त्यासाठी दाराशी रॅम्प हवा होता. त्यांचा मुलगा प्लेनोला, टेक्सासमध्ये. मोठं घर, मोठी नोकरी. त्याने सरळ सांगितलं होतं: थंडीच्या आत रॅम्प झाला तर इथे राहा, नाहीतर मी तुला घेऊन जातो. बर्फ पडल्यावर तू आत एकटी कोंडलेली मला चालणार नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं.

‘मला टेक्सासमध्ये मरायचं नाही, शीला,’ बाई म्हणाल्या. ‘तिथे सगळे फार हसून बोलतात.’

अर्ज ऑगस्टमध्येच गेला होता. आता कायद्याने असल्या रॅम्पला नाही म्हणता येत नाही. हे मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, असोसिएशनला तर चांगलंच माहीत होतं. म्हणून त्यांनी नाही म्हटलंच नाही. अर्ज सुधारणेसाठी परत पाठवला. लाकडाचा रंग गावाच्या रंगसंगतीत बसत नाही. बसवला. मग कठडा दगडी दिसावा. मग रस्त्यावरून रॅम्प दिसू नये म्हणून झुडपं कुठली लावणार त्याचा आराखडा द्या. प्रत्येक वेळी गोड भाषा, प्रत्येक वेळी महिन्याची बैठक. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. पानं पिवळी पडायला लागली. रस्ताभर पानं उडवायच्या यंत्रांची घरघर आणि पेट्रोलचा वास. आणि त्यात खिडकीच्या आत बसून बाई बाहेर बघतायत, हे मी रोज ऑफिसला निघताना बघायचे.

असोसिएशनचा अध्यक्ष आपलाच. अभिजित, मूळचा पुण्याचा. वाईट माणूस अजिबात नाही, हे लिहितानाच मला जास्त किळस येते. कोणी आजारी पडलं की डबा पोचवणारा, गणपतीत आरतीला सगळ्यात मोठा आवाज काढणारा. पण लार्कफोर्डवर त्याचा असा जीव की खऱ्या गावावर खऱ्या पाटलाचा नसेल.

दसऱ्याला आम्ही मराठी मंडळी क्लबहाउसमध्ये जमलो होतो. आपट्याची पानं नाहीत, म्हणून मुलांनी सोनेरी कागदाची कापून ठेवलेली. अभिजित श्रीखंड-पुरीचं ताट घेऊन उभा होता. मी सोनं दिलं आणि विचारलं.

‘अभिजित, मार्गरेटबाईंच्या रॅम्पचं काय झालं?’

‘अगं शैला, प्रोसेसमध्ये आहे. इट्स नॉट अ नो. इट्स अ नॉट येट.’

‘थंडी प्रोसेसमध्ये थांबत नाही रे.’

‘कळतं गं मला. पण तो त्यांचा फ्रंट एलेव्हेशन बघ ना तू. आपल्या एंट्रन्सवरून पहिलं घर दिसतं ते त्यांचं. एकाला प्लायवुड अलाव केलं की उद्या सगळे सुरू होतील. कॅरेक्टर जाईल यार, पूर्ण व्हिलेजचं.’

‘सगळे काय सुरू करतील? खुबे मोडून घेतील?’

तो हसला. शेजारचे दोघं-तिघंही हसले. पुरी श्रीखंडात बुडवत तो म्हणाला, ‘तुझं ना, टेस्टिंगवाल्यांचं असंच. आणि अगं, आम्हाला त्यांच्याबद्दल आदरच आहे. फॉल फेअरला त्यांनाच बोलायला सांगितलंय आपण. इंग्लिश खेड्याचा इतिहास. ऑथेंटिक!’

त्या रात्री माझं श्रीखंड ताटात तसंच राहिलं. तशी मी गोड सोडणारी बाई नव्हे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले ती सरळ बाईंकडे गेले. तो कडू चहा पुढे आला. खिडकीतून लांब, तिरपं ऊन येत होतं. ह्या भागातलं ऑक्टोबरचं ऊन चांगलं असतं, तेवढं कबूल करते. विचारलं, फेअरला काय बोलणार आहात?

‘त्यांना हवाय तो इतिहास,’ बाई म्हणाल्या. ‘ऐकायचाय?’

आणि त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून विसरलेले नाही.

त्यांच्या गावातलं चर्च गावात नव्हतं. एका कुरणाच्या मधोमध एकटं उभं, भोवती मेंढ्या. लहानपणी त्यांना वाटायचं, देवाला एकटं राहायला आवडत असेल. मग आजीने सांगितलं. फार पूर्वी गाव चर्चच्या भोवतीच होतं. ती सगळी जमीन एका जमीनदाराची. त्याने टेकडीवर मोठा वाडा बांधला, खाली तळं करायचं ठरवलं. वाड्याच्या खिडकीतून बघितलं की मध्ये गाव यायचं. धुराडी, वाळत घातलेली लक्तरं, डुकरं, पोरं. दृश्य बिघडायचं. म्हणून त्याने गाव काढलं. माणसं मारली नाहीत, हाकलली नाहीत. तो चांगला माणूस होता, त्याने टेकडीमागे नवी घरं बांधून दिली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, एकसारखी, एका रंगाच्या दारांची. पाहुणे बघायला यायचे, किती सुंदर खेडं म्हणून. आणि घरं द्यायची म्हणून नियम आले. कपडे पुढच्या बाजूला दिसता कामा नयेत. डुक्कर मागे. दार दुसऱ्या रंगाने रंगवायचं नाही. वाड्याची बग्घी जात असेल तर बायकांनी उंबऱ्यावर रेंगाळायचं नाही, एक तर आत जायचं नाहीतर वाकून उभं राहायचं.

‘माझ्या आजीच्या वेळेपर्यंत दारं हिरवीच होती,’ बाई म्हणाल्या. ‘हिरवा रंग मला अजून सहन होत नाही. कॅलेंडरवर ज्या गावांचे फोटो छापतात ना, गुलाबाच्या वेली वगैरे, त्यातली कितीतरी अशीच आहेत. कोणाच्या तरी खिडकीतून चांगलं दिसावं म्हणून केलेली. वास येऊ नये म्हणून.’

मी कप खाली ठेवला.

‘आणि जुनं गाव?’

‘कुरण झालं. वर काहीच नाही. पण मी आठ-नऊ वर्षांची असताना एक उन्हाळा कोरडा गेला. पाऊसच नाही. सगळं गवत वाळलं, पण सारखं नाही. खाली जिथे भिंतींचे दगड गाडलेले, तिथे माती पातळ, तिथलं गवत आधी पिवळं पडलं. वडिलांनी मला चर्चच्या मनोऱ्यावर नेलं. खाली बघते तर हिरव्यावर पिवळ्या रेघा. घरं! चौकोन, चौकोन, मधून गल्ली. वडील एका चौकोनाकडे बोट दाखवून म्हणाले, ते आपलं.’

बाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला. मग म्हणाल्या, ‘पुढच्या आठवड्यात पाऊस पडला. गेलं सगळं.’

मी घरी आले आणि मिलिंदला, म्हणजे नवऱ्याला, म्हटलं, तुझी ती करवत काढ. मिलिंदच्या गराजमध्ये सगळी हत्यारं आहेत. सेलमध्ये घेतलेली, भिंतीवर टांगलेली, पाहुण्यांना दाखवायची.

‘कशाला?’

‘रॅम्प करायचाय.’

‘अप्रूव्हल आलं?’

‘नाही.’

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. वीस वर्षांचा संसार असा उपयोगी पडतो. पुढचे प्रश्न विचारावे लागत नाहीत. रविवारी आम्ही दुकानातून पावसात न कुजणारं लाकूड, जाड प्लायवुड आणि खडीच्या पिशव्या आणल्या. एक इंच चढाला एक फूट लांबी, हा हिशेब कुठेही सापडतो. दारापुढचं गवत खरवडलं, खडी पसरून धुमसली, ठोकून घट्ट केली, त्यावर चौकट बसवली. चाकं घसरू नयेत म्हणून वर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास रस्ताभर पसरला. त्या वसाहतीत मला आलेला तो पहिला खरा वास.

ईशा, आमची मुलगी, तेव्हा हायस्कूलमध्ये. ती फुटपाथवर हातांची घडी घालून उभी. ‘आई, दिस इज सो इललीगल.’

‘पट्टी धर,’ मी म्हटलं. तिने धरली.

संध्याकाळी मार्गरेटबाई दारातून निघाल्या, ब्रेक अर्धा धरून हळूहळू उतरल्या, रस्त्यावर आल्या आणि कोणाशी काही न बोलता सरळ तळ्याकडे गेल्या. अंधार पडेपर्यंत आल्या नाहीत. आल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘माजलीयत बदकं.’

मुलाला त्यांनी फोटो पाठवला. तो म्हणाला, हे पक्कं आहे का? बाई म्हणाल्या, पक्कं आहे. असोसिएशनकडून ईमेल आलं की विनापरवाना बांधकामाबद्दल पुढच्या बैठकीत चर्चा होईल. होऊ दे म्हटलं.

फॉल फेअर त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. हे एक वेगळंच प्रकरण असतं. सकाळपासून सगळीकडे दालचिनी-जायफळाचा तो बाटलीतला वास. सफरचंदाच्या रसाचे पेले. पोरींना झालरीच्या टोप्या आणि ॲप्रन घालून खेड्यातल्या मुली करतात, पोरांना गॅलिस लावून शेतकरी. निम्म्याहून जास्त पोरं आपली; तेलुगू, गुजराती, मराठी. ज्यांच्या आज्यांनी खरोखर शेण सारवलं त्या पोरी इंग्लिश दुधवाल्या होऊन कोऱ्या बादल्या मिरवतात आणि आयबाप फोटो काढतात. ईशाही त्यात होती. टोपीत घाम येतोय म्हणून कुरकुरत होती.

बाईंचं भाषण सकाळी विहिरीपाशी. त्या वेळ पाळणाऱ्या. त्या दिसेनात, म्हणून मी त्यांच्या घराकडे निघाले.

लांबूनच दिसलं. रॅम्प नव्हता.

म्हणजे होता, पण त्याच्यावर खालपासून वरपर्यंत गवताचे गठ्ठे, आणि त्या गठ्ठ्यांवर भोपळे. मोठे खाली, लहान वर, मध्ये मक्याची ताटं बांधलेली, कठड्याला केशरी फिती. वरच्या टोकाला, दाराला खेटून, एक भला मोठा भोपळा टोपी घालून बसवलेला. फार कष्ट घेतले होते. लोक थांबून फोटो काढत होते. आणि जाळीच्या दारामागे, आत, मार्गरेटबाई. निळा कोट, मोत्यांची माळ, मांडीवर पर्स. दार बाहेर उघडायचं, ते भोपळ्याला अडलं होतं.

अभिजित शिडी घडी करत होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला.

‘ये ये शैला! कसं दिसतंय? डेकोरेशन टीम पहाटेपासून लागली होती. बघ, रॅम्प दिसतसुद्धा नाही! प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड ना?’

तो थट्टा करत नव्हता.

‘अभिजित, बाई बाहेर कशा येणार?’

त्याने दाराकडे पाहिलं. जाळीमागे बाईंनी हात हलवला, राणी हलवते तसा. अभिजितच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आजवर विसरले नाही. दुष्टपणा नव्हता त्यात. त्याला खरंच सुचलं नव्हतं. एका माणसाने बाहेर यावं म्हणून केलेली वाट त्या सगळ्यांनी मिळून, पहाटे उठून, प्रेमाने, हौसेने सजवून बुजवली, आणि टीममधल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की दारामागे कोणी आहे.

‘ओह शिट,’ तो म्हणाला. ‘मागच्या दाराने...?’

‘मागे पायऱ्या आहेत.’

‘थांब, मी टीमला बोलावतो. तसं एक करता येईल, त्यांचं भाषण झूमवर—’

मी पायाने पहिला भोपळा ढकलला. तो घरंगळत गेला आणि रस्त्यावर फुटला. बिया, तंतू, तो ओलसर कच्चा वास. कोणीतरी ‘ओ माय गॉड’ म्हणालं. दुसरा ढकलला. एक बाई मुलाला मागे ओढत म्हणाली, हे शोचा भाग आहे का? मागून ईशाचा आवाज आला, ‘आई, प्लीज डोन्ट मेक अ सीन.’ मी वळून बघितलं तर ती झालरीची टोपी मागे सारून गवताचा गठ्ठा उचलत होती. शिंकत होती आणि उचलत होती. मग मिलिंद आला. मग, खोटं कशाला बोलू, अभिजितही आला. त्या टोपीवाल्या भोपळ्याला त्याने दोन्ही हातांनी कवटाळून बाजूला नेलं, बाळासारखं.

बाई उतरल्या. चाकांना भोपळ्याचा गर लागला, रस्त्यावर दोन केशरी रेघा उठल्या, विहिरीपर्यंत.

तिथे त्या बोलल्या. कागद नाही, माइकही दूर सारला. कुरणातलं चर्च, वाडा, तळं, उठवलेलं गाव, हिरवी दारं, कपडे दिसू नयेत, डुक्कर मागे, बायकांनी आत जावं. आवाज चढवला नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, ‘मी एका खेड्यातून निघाले तेव्हा वाटलं, सुटले. इथे आले आणि बघितलं तर तुम्ही हुबेहूब तेच बांधलंय. फक्त जमीनदार नाही. त्याचं काम तुम्ही सगळे मिळून, फुकटात करता.’

मी गर्दीतल्या चेहऱ्यांकडे बघत होते. वाटलं, आता कोणी तरी खाली बघेल.

टाळ्या पडल्या. जोरदार, उभं राहून. ‘सो चार्मिंग!’ ‘तो उच्चार किती गोड!’ एकीने डोळे पुसले. आणि अभिजित माझ्या कानाशी येऊन, खरंच भारावून, म्हणाला, ‘शैला, आय हॅड नो आयडिया! म्हणजे आपले रूल्स ऑथेंटिक आहेत! हे हेरिटेज आहे अगं!’

पुढच्या न्यूजलेटरच्या पहिल्या पानावर तेच छापून आलं. बाईंचा फोटो, आणि खाली: अस्सल इंग्लिश खेड्यांमध्येही दर्शनी भागाचे नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळले जात, लार्कफोर्ड त्याच परंपरेतलं आहे. तो अंक मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचला आणि फोडणी जळली. बाईंना दाखवला. त्या इतक्या हसल्या की खोकला लागला. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, ‘आजी म्हणायची, वाड्यातल्यांना काही ऐकू येत नाही.’

नोव्हेंबरात भोपळे कुजले. बैठकीत ठरलं की तात्पुरता रॅम्प काढावा आणि दगडी कठड्याचा कायमचा रॅम्प ‘तत्त्वतः’ मान्य करावा. तत्त्वतः. मी कायद्याची कलमं घेऊन गेले, भांडले, वकिलाचं नाव काढलं. पण बाईंच्या मुलाला तोवर पुरे झालं होतं. दर महिन्याला आईच्या दारासाठी बैठक, हे त्याला कळेचना. थँक्सगिव्हिंगला तो आला आणि परत जाताना त्यांना घेऊन गेला. बाई आमच्या रॅम्पवरूनच उतरल्या. गाडीत बसताना लाकडावर हात टेकवून म्हणाल्या, ‘पक्का होता.’

दगडी रॅम्पची अंतिम मंजुरी त्यांच्या टपालपेटीत पडली तेव्हा घर रिकामं होतं. पत्रात असोसिएशनने विलंबाबद्दल दिलगिरी आणि त्यांच्या संयमाबद्दल आभार व्यक्त केले होते.

प्लेनोहून फोन यायचे. ‘इथे सगळं सपाट आहे, शीला. पायरी म्हणून नाही. दारातून थेट बाहेर जाता येतं.’

‘मग चांगलं आहे की, बाई.’

‘हो. पण बाहेर गाड्यांचा रस्ता आहे. दारापर्यंत जाते आणि परत येते.’

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. असोसिएशनने विहिरीच्या कठड्यावर पितळी पाटी बसवली: आमच्या खेड्याची कन्या. पाटीसमोर एक कुंडी ठेवलीय, तिच्यात शेवंती.

त्यांच्या घरी आता एक तरुण जोडपं आलंय. चांगली आहेत. आल्या आल्या त्यांनी इतके दिवस तसाच राहिलेला रॅम्प उखडून टाकला, गोल पायऱ्या धुऊन घेतल्या आणि अंगणात तयार गवताच्या गुंडाळ्या आणून अंथरल्या. आम्ही धुमसलेली खडी काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्यावरच अंथरल्या.

यंदा उन्हाळा कोरडा गेला. सप्टेंबरातही पाऊस नाही. काल संध्याकाळी मी चालायला निघाले तेव्हा समोर भोपळे मांडून झाले होते, आणि त्यांच्या पायथ्याशी, हिरव्यागार लॉनमध्ये, एक पिवळा पट्टा. दारापासून रस्त्यापर्यंत, सरळ, कडा रेखीव. रुंदी मी करवतीला खूण करून दिलेली, तेवढीच.

मी उभी राहिले. माझ्यामागून अभिजित येत होता, कानातली हेडफोनची बटणं काढत.

‘बघितलंस ना?’ तो म्हणाला. ‘किती वाईट दिसतंय यार, बरोबर एंट्रन्सलाच. फेअर आलाय. त्यांना नोटीस पाठवतो, पॅच करून घ्या म्हणून.’

‘राहू दे,’ मी म्हटलं. ‘हेरिटेज आहे.’